निघण्याआधीचा मंगळवार

(आपल्या १९७५ च्या दहावीच्या तुकडीच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘परदेशातील माझी वाटचाल’, आणि वेळ दिली वीस मिनिटं. मी त्यांना म्हटलं, परदेशातल्या बत्तीस वर्षांत वीस मिनिटं सांगण्यासारखं फारसं नाही. नोकरी केली, घराचे हप्ते फेडले, हिवाळ्यात दारातला बर्फ उपसला. हे तुम्ही सगळ्यांनी आपापल्या ठिकाणी केलंच आहे, बर्फ सोडला तर. त्यापेक्षा मला एका दिवसाबद्दल बोलू द्या. दिवस मंगळवार, १० ऑगस्ट १९८२. त्या रात्री मी अमेरिकेला गेलो. दिवसभर मुंबईत माझी जी धावपळ झाली, तिच्यात या मंडपात बसलेल्या निदान पंचवीस माणसांचा हात आहे आणि त्यातल्या बहुतेकांना तो आजपर्यंत ठाऊक नाही. त्यांना तो हिशेब द्यावा, एवढाच हेतू आहे. नावं मी घेणार नाही, कारण दोघातिघांनी काल रात्रीच दम दिला आहे की माझं नाव घेतलंस तर उठून जाईन.

आपली तुकडी दहावीच्या नव्या पद्धतीची पहिली तुकडी. पुढे बारावी झाली, सांगलीला इंजिनीअरिंग झालं, एक वर्ष नोकरी केली. मग अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लॉवेल नावाच्या गावी विद्यापीठात प्रवेश मिळाला. फी माफ आणि शिकवण्याच्या कामाबद्दल महिन्याला थोडे पैसे, अशी सोय होती. पण पहिला पगार हाती येईपर्यंत खायचं काय आणि राहायचं कुठं, हा प्रश्न होताच. तिकिटाचे पैसे आमच्या अण्णांनी सोसायटीचं कर्ज काढून भरले होते. सोबत न्यायला म्हणून आणखी पाच हजार रुपये उभे करायचे होते.

ते कसे उभे राहिले, ते वाचून दाखवतो. हा वहीचा कागद मी जपून ठेवला आहे. माझी शिल्लक नऊशे दहा. घरची म्हैस विकून आलेले सोळाशे. शिक्षकांच्या पतसंस्थेतून दोन हजार, ज्याला आपल्या दोन सरांनी जामीन म्हणून सह्या केल्या होत्या. आणि उरलेले चारशे नव्वद रुपये तुम्ही दिले. दहा रुपये देणारे चौदाजण, वीस देणारे पाच, पन्नास देणारे तिघे आणि शंभर देणारा एक. एकूण तेवीसजण. त्यातल्या निम्म्यांना त्या वेळी नोकरी नव्हती. १९८५ साली सुटीवर आलो तेव्हा पैसे परत करायला घरोघर फिरलो. एकानेही घेतले नाहीत. एकाने चहा पाजून वर आणखी पाव किलो कंदी पेढे बांधून दिले.

आता इथल्या तरुण मंडळींना एक गोष्ट समजावून सांगायला हवी. आज कार्ड घेतलं की जगात कुठंही पैसे निघतात. तेव्हा तसं नव्हतं. १९७३ चा फेरा कायदा होता. परकीय चलन ही सरकारने मोजून द्यायची वस्तू होती. परवानगी हवी, फॉर्म हवे, पासपोर्ट हवा, प्रवेशाचं पत्र हवं. किती डॉलर दिले त्याचा शिक्का पासपोर्टच्या मागच्या पानावर मारून मिळे. डॉलरचा भाव साडेनऊ रुपयांच्या आसपास होता. मला पाचशे डॉलरची परवानगी मिळाली होती, तेही बहुतेक ट्रॅव्हलर्स चेकच्या रूपात. हे चेक घेताना बँकेत अधिकाऱ्यासमोर प्रत्येकावर सही करायची आणि तिकडे वटवताना पुन्हा खाली तशीच सही करायची. दोन्ही सह्या जुळल्या तर पैसे. चेकचे नंबर वेगळ्या कागदावर लिहून वेगळ्या खिशात ठेवायचे, म्हणजे हरवले तर भरपाई मागता येते.

आपल्या गावात हे काहीच होत नव्हतं. म्हणून मी पाच हजारांचा ड्राफ्ट काढला, मुंबईला फोर्टमधल्या शाखेवर, आणि सोमवारी रात्री कराड स्टेशनवर महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली. सोबत एक ट्रंक, एक सुटकेस आणि आईने दिलेली गाठोडी. अण्णा स्टेशनापर्यंतच आले. मुंबईपर्यंत दोन माणसांचं भाडं कशाला, असं ते म्हणाले.

दादरला उतरून मी लालबागला मामांकडे गेलो. मामा गिरणीत साचेखात्यात होते. वीस वर्षं नोकरी झालेली. मामी खाणावळ चालवायच्या, म्हणजे घाटावरून आलेल्या एकट्या कामगारांना दोन वेळचं जेवण घालायच्या. दहा बाय बाराची खोली. तिच्यात घरची सहा माणसं आणि जेवायला पाळीपाळीने येणारी चौदा. लहानपणी मी सुटीत तिथं जायचो तेव्हा पहाटे गिरण्यांच्या भोंग्यांनी जाग यायची. त्या मंगळवारी सकाळी सात वाजता मी चाळीत शिरलो, तेव्हा भोंगे नव्हते. १८ जानेवारीपासून गिरण्यांचा संप सुरू होता. अडीच लाखांच्या आसपास माणसं डॉक्टर दत्ता सामंतांच्या शब्दावर घरी बसली होती आणि सातवा महिना संपत आला होता. खाणावळीतले बहुतेक गडी गावी निघून गेले होते. तिघंच उरले होते आणि तेही उधारीवर जेवत होते. मामींच्या गळ्यातली बोरमाळ दिसली नाही. मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

मामा तयार होऊन बसले होते. धुतलेला पायजमा, इस्त्रीचा सदरा. म्हणाले, “आज तुझ्यासंगं. मला काय, रजा काढाय लागत न्हाई.” आणि स्वतःच हसले.

तिसरा माणूस आपल्या वर्गातला. तो तेव्हा मंत्रालयात कारकून होता. आज तिसऱ्या रांगेत बसला आहे आणि आत्तापासूनच माझ्याकडे डोळे वटारून बघतो आहे. त्याने माझ्यासाठी एक किरकोळ रजा टाकली होती. आम्ही तिघे करी रोडला लोकल पकडून व्हीटीला उतरलो. हातात कामांची यादी होती. बँकेतून चलन घेणं. विमान कंपनीच्या कचेरीत जागा पक्की आहे का ते पाहणं, कारण तेव्हा बहात्तर तास आधी पुन्हा कळवावं लागे आणि मी कळवलेलं असूनही प्रत्यक्ष तिकिटावर चिकटपट्टी लावून घ्यायची होती. गुणपत्रिकांच्या झेरॉक्स काढून त्या साक्षांकित करून घेणं. चष्म्याची दुसरी जोडी, कारण तिकडे चष्मा फुटला तर महिन्याचा पगार जाईल असं सगळे सांगत. कुलपं, सुतळी, एक कुकर आणि पासपोर्ट आकाराचे बारा फोटो.

दहा वाजता बँक उघडली. तेव्हा बँकांचा लोकांसाठीचा वेळ दहा ते दोन. पितळी टोकन घेऊन आम्ही बसलो. पावणेअकराला नंबर आला. अधिकाऱ्याने ड्राफ्ट उलटसुलट पाहिला, एक जाड वही काढली, पानं चाळली आणि म्हणाला, “या शाखेचा ॲडव्हाइस आलेला नाही.”

ॲडव्हाइस म्हणजे काय, ते आम्हाला तेव्हा कळलं. मोठ्या रकमेचा ड्राफ्ट काढला की काढणारी शाखा पैसे देणाऱ्या शाखेला वेगळ्या पत्राने कळवते, की अमुक नंबरचा, अमुक रकमेचा ड्राफ्ट आम्हीच दिलेला आहे. ते पत्र पोस्टात कुठंतरी होतं. ते आल्याशिवाय पैसे नाहीत.

मी म्हटलं, “साहेब, आज रात्री विमान आहे.”

तो म्हणाला, “आठ दिवसांनी या, तोपर्यंत येईल.”

तो माणूस वाईट नव्हता. नियम तसाच होता आणि खोट्या ड्राफ्टचे प्रकार होतही असत. पण आठ दिवस थांबणं मला शक्य नव्हतं. तिकीट ठरावीक तारखेचं होतं, विद्यापीठात हजर व्हायची तारीख ठरलेली होती आणि ती चुकली तर शिकवण्याचं काम दुसऱ्याला जाणार होतं. काम गेलं की फीमाफी गेली. मग म्हैस विकलेली, कर्ज काढलेलं, जामीन दिलेले, सगळंच अधांतरी.

मंत्रालयवाल्या मित्राने विचारलं, “पत्र नाही, तर फोनवर खात्री झाली तर चालेल का?” अधिकारी थोडा थांबला. म्हणाला, “तिकडच्या मॅनेजरनं स्वतः फोन करून सांकेतिक नंबर दिला आणि तो आमच्याशी जुळला, तर साहेबांना विचारून देता येईल. पण दोनच्या आत.”

बाहेर फूटपाथवर पावसात उभं राहून आम्ही कामं वाटून घेतली. मित्र म्हणाला, “मी हुतात्मा चौकातल्या तारऑफिसात जाऊन ट्रंक कॉल लावतो. तू तुझी बाकीची कामं उरक.” मामा म्हणाले, “मी हितंच बसतो. फोन आला आणि आपलं कुणी न्हाई म्हणून परत गेला, असं नको. मी हितनं हलत न्हाई.” ते पुन्हा आत गेले आणि त्या अधिकाऱ्याच्या टेबलासमोरच्या बाकावर, त्याला दिसेल असे, टोपी मांडीवर ठेवून बसले.

आता फोन कुणाला करायचा? आपल्या गावच्या बँकेचा फोन त्या आठवड्यात बंद होता, हे मला निघतानाच ठाऊक होतं. पोस्टात सांगून निरोप पोचवायला दुपार झाली असती. मित्र म्हणाला, “शाळेत करू.” आपल्या शाळेचा फोन हेडमास्तरांच्या खोलीत होता, लाकडी पेटीत कुलूपबंद, नंबर दोनच आकडी. साधा कॉल लावला तर दोनदोन, तीनतीन तास लागत. अर्जंटला दुप्पट पैसे. आणि सर्वांत वरचा लायटनिंग कॉल, साध्याच्या आठपट पैशांचा, जो बाकी सगळ्यांच्या आधी लागे. तो सहसा मंत्री लावत किंवा घरात मयत झालेली माणसं. आमच्या मित्राने लायटनिंग कॉल लावला. त्याचे किती पैसे झाले हे मी गेली त्रेचाळीस वर्षं विचारतो आहे. काल रात्रीही विचारलं. तो म्हणतो, पावती हरवली.

पुढचं मी पाहिलेलं नाही. शाळेच्या शिपाईमामांनी मला १९८५ साली सांगितलं म्हणून कळलं, कारण ज्यांनी ते केलं त्यांनी स्वतः कधीही त्याचा उच्चार केला नाही. फोन आला तेव्हा आपले गणिताचे सर दहावी ‘ब’वर तास घेत होते. शिपाईमामांनी वर्गाच्या दारात जाऊन सांगितलं, “मुंबईचा फोन हाय, लायटनिंग.” सर खडू हातात घेऊनच फोनवर आले. मित्राने तीन मिनिटांत सगळं सांगितलं. सरांनी फक्त ड्राफ्टचा नंबर दोनदा विचारून घेतला आणि तिथल्याच टीपकागदावर लिहिला. मग सायकल काढली. बँकेत गेले. मॅनेजर म्हणाले, “मी पत्र पाठवलं आहे, माझं काम झालं आहे. शिवाय फोन बंद आहे.” सर म्हणाले, “शाळेचा फोन चालू आहे. मी पायी येतो, तुम्ही माझ्या सायकलवर बसून पुढं चला.” मॅनेजरांनी खूप आढेवेढे घेतले. सर त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसून राहिले. शेवटी मॅनेजर सांकेतिक नंबरांचं पुस्तक काखेत मारून सरांच्या सायकलवरून शाळेत आले आणि हेडमास्तरांच्या खोलीतून फोर्टच्या शाखेला कॉल लावला. शिपाईमामा सांगत होते, सगळी शाळा खिडक्यांतून बघत होती, कारण बँकेचे मॅनेजर सायकलवरून येताना गावाने कधी पाहिले नव्हते.

एक वाजून चाळीस मिनिटांनी फोर्टमध्ये फोन वाजला. मी तोपर्यंत तिकिटावर चिकटपट्टी लावून आणि गुणपत्रिकांचं काम उरकून परत आलो होतो आणि मामांशेजारी बसलो होतो. अधिकाऱ्याने आकडे लिहून घेतले, आत गेला, बाहेर आला आणि मामांकडे बघून मान हलवली. माझ्याकडे नाही, मामांकडे. तीन तास दोघे एकमेकांसमोर बसले होते ना.

दोन वाजता बँकेचं शटर अर्धं खाली आलं. आम्ही आतच होतो. त्या अधिकाऱ्याने वरच्या मजल्यावर परकीय चलनाच्या खात्यात स्वतः नेलं. मी दहा चेकांवर दहा सह्या केल्या. हात थरथरत होता. तो म्हणाला, “सावकाश करा. तिकडेही अशीच जमली पाहिजे.” तीन वाजता आम्ही बाहेर पडलो. तिघांनी मिळून सहा वडापाव खाल्ले. मामांनी मात्र आधी नको म्हटलं आणि मग दोन खाल्ले.

बाकीच्या कामांत फार वेळ घालवत नाही. गिरगावात चष्मा मिळाला. क्रॉफर्ड मार्केटला कुलपं आणि कुकर मिळाला. स्वेटर मिळाला नाही, भर पावसाळ्यात मुंबईत स्वेटर कोण विकणार? संध्याकाळी चाळीत आल्यावर मुख्य काम होतं सामान भरण्याचं. अमेरिकेला जाताना दोन डाग नेता येत आणि प्रत्येकी वजन बत्तीस किलोच्या आत लागे. घरात वजनकाटा कुणाकडे असणार? मामांनी ट्रंक खांद्यावर घेतली आणि आम्ही खाली कोळशाच्या वखारीत गेलो. वखारवाल्याने मोठ्या तराजूच्या एका पारड्यात ट्रंक ठेवली, दुसऱ्यात वजनं टाकली. पस्तीस किलो भरली. आता तीन किलो काय कमी करायचं, यावर चाळीतल्या दहाबारा माणसांची तिथंच सभा भरली. मामी म्हणाल्या, लाडू राहू देत. वखारवाला म्हणाला, कुकर काढा. कुणी म्हणालं, तिकडं पुस्तकं मिळत नसतील काय? शेवटी दोन जाड पुस्तकं निघाली आणि लाडू गेले. इंजिनीअरिंगच्या माझ्या प्राध्यापकांना हे कळलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं. पण लॉवेलच्या ग्रंथालयात ती दोन्ही पुस्तकं होती आणि लाडू नव्हते. तेव्हा निर्णय बरोबर होता.

ट्रंकेच्या तळाशी मामींनी दोन सुती चादरी घातल्या. संपाआधी दिवाळीत गिरणीच्या दुकानातून कामगारांच्या सवलतीत घेतलेल्या, कोऱ्या, घडीसुद्धा न मोडलेल्या. मी म्हटलं, “मामी, राहू देत, घरात लागतील.” त्या म्हणाल्या, “हितं कोण पावणं येतंय आता?”

रात्री जेवणं झाल्यावर चाळीतली माणसं भेटायला आली. कुणाचा भाचा शिकागोत होता, कुणाच्या साहेबाचा मुलगा कॅलिफोर्नियात. भेटला तर निरोप सांग म्हणून सगळ्यांनी पत्ते दिले. अमेरिका म्हणजे त्यांच्या लेखी परळपासून भायखळ्यापर्यंत असावी. मी सगळे पत्ते घेतले. एका वयस्क कामगाराने मात्र वेगळा प्रश्न विचारला. “तिकडं गिरण्या हायत का?” मला माहीत नव्हतं. म्हटलं, बघून कळवतो.

टॅक्सीने आम्ही सहारला गेलो. नवं टर्मिनल सुरू होऊन वर्षदीड वर्षच झालं होतं. दारापाशी मला आठवलं, भारतीय चलन देशाबाहेर न्यायला बंदी आहे. खिशात हात घातला तर एकशे बारा रुपये उरले होते. ते मी मामांच्या हातावर ठेवले. ते मागे सरले. म्हणाले, “येडा हायस का? भाच्याकडनं पैसं घ्यायचं असतं व्हय?” एरवी त्यांनी माझा रुपयासुद्धा घेतला नसता. सात महिने पगार नव्हता, तरी सकाळपासून लोकलची तिकिटं त्यांनीच काढली होती. मी म्हटलं, “मामा, कायदा आहे. आत नेले तर जप्त होतील.” मंत्रालयवाल्याने लगेच दुजोरा दिला, “खरंच आहे मामा, सरकारी नियम आहे.” मामांनी नोटा घेतल्या, नीट घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवल्या आणि म्हणाले, “मग ठेवतो. तुझं म्हणून ठेवतो.” मी पाया पडलो. ते पोटाशी धरून काहीच बोलले नाहीत.

आता थोडं पुढचं. बँकेतल्या त्या अधिकाऱ्याने आठ दिवसांनी यायला सांगितलं होतं. त्याप्रमाणे थांबलो असतो तर पुन्हा फोर्टात जाण्याचा दिवस आला असता बुधवार, १८ ऑगस्ट. त्या दिवशी मुंबईत पोलिसांचं आंदोलन पेटलं. पोलीस संघटनेच्या नेत्यांवर कारवाई झाली म्हणून पोलीसच रस्त्यावर उतरले, दंगल झाली, लष्कर बोलवावं लागलं, संचारबंदी लागली. हे मला लॉवेलला मामांच्या पत्रातून कळलं. मामा चौथी शिकलेले. त्यांचं निळं एरोग्राम दर महिन्याला येत असे, पेन्सिलीने मोठमोठ्या अक्षरांत लिहिलेलं. पुढे मामींनी सांगितलं की त्या एकशे बारा रुपयांतले काही त्यांनी गणपतीच्या शिध्याला घेतले आणि उरलेल्यांचे एरोग्राम आणून ट्रंकेत ठेवले होते. तुझं म्हणून ठेवतो म्हणाले होते, ते असं.

आणि गिरण्यांचा प्रश्न. मी ज्या गावात जाऊन पडलो ते गाव म्हणजे अमेरिकेतलं गिरणगाव निघालं. मेरिमॅक नदीवर कालवे काढून, त्या पाण्याच्या जोरावर १८२० च्या दशकापासून तिथं कापडाच्या मोठमोठ्या गिरण्या उभ्या राहिल्या. विसाव्या शतकात त्या एकामागोमाग बंद पडल्या, धंदा दक्षिणेकडच्या राज्यांत गेला. मी गेलो तेव्हा कालव्यांच्या काठी विटांच्या लांबच लांब इमारती रिकाम्या उभ्या होत्या आणि सरकारने १९७८ मध्ये तो भाग ऐतिहासिक ठेवा म्हणून जाहीर केला होता. मी मामांना कळवलं, “गिरण्या आहेत, पण बंद.” त्यांनी उलट विचारलं, “मग माणसं काय करतात?” या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मला कधीच देता आलं नाही. पुढे तिथं एका जुन्या गिरणीत संग्रहालय झालं. त्यात जुने साचे अजून चालवून दाखवतात आणि आवाज सहन व्हावा म्हणून कानात घालायला बोळे देतात. मी ते घातले नाहीत. मामांनी वीस वर्षं तोच आवाज ऐकला होता.

मुंबईचा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. मामांना गिरणीने परत घेतलं नाही. ते काही वर्षं एका इमारतीवर रखवालदार होते, मग गावी आले. मामींनी खाणावळ पुन्हा उभी केली आणि पोरं शिकवली. मामा २००९ मध्ये गेले. त्या चादरींपैकी एक अजून माझ्याकडे आहे, विरलेली, पण आहे.

आपले गणिताचे सर आज पहिल्या रांगेत आहेत. वय शहाऐंशी. सर, मी अजून दोन्ही सह्या सारख्याच करतो.

मित्रहो, ते दिवस चांगले होते, असं मी म्हणणार नाही. फोनला आठपट पैसे आणि ड्राफ्टला आठ दिवस लागत, त्यात चांगलं काय होतं? आजच्या मुलांना मोबाइलवर सगळं होतं, ही फार चांगली गोष्ट आहे. पण मी गेली अकरा वर्षं पुण्यात राहतो आणि आपल्या शाळेतून बाहेर पडलेली मुलं पाहतो. पहिल्यांदा पुण्यामुंबईला येतात, कुठे व्हिसाच्या मुलाखतीला, कुठे बँकेच्या कर्जाला, कुठे वैद्यकीय तपासणीला. ऑनलाइन सगळं भरलेलं असतं, तरी एक कागद अडतोच. आईवडील शेतात किंवा दुकानात. मुलगी एकटी कुठल्यातरी कचेरीच्या पायरीवर बसलेली असते. तिला पैसे नको असतात. कुणीतरी सोबत बसून राहायला हवं असतं आणि कुणीतरी दुसऱ्या टोकाला सायकल काढायला हवी असते.

आपण सगळे आता निवृत्त आहोत. आपल्याकडे रजा काढायची गरज नाही, मामांसारखीच. म्हणून माझी एक विनंती आहे. आपल्यातले जे पुण्यात, मुंबईत, कोल्हापुरात किंवा परदेशात राहतात, त्यांनी महिन्यातला एक दिवस शाळेच्या मुलांसाठी मोकळा ठेवावा. शाळेच्या कचेरीत एक यादी लावू. कुणाला कुठं काम आहे, त्या गावात आपलं कोण आहे, एवढं त्या मुलाला कळलं की पुरे. कुणाच्या घरी राहण्याची सोय, कुणी बँकेतलं जाणणारा, कुणी नुसतं बाकावर बसणारा. बसण्यासाठी पात्रता लागत नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे.

मुख्याध्यापकांशी बोललो आहे, त्यांची तयारी आहे. चहाच्या टेबलाशेजारी वही ठेवली आहे. पहिलं नाव मी लिहिलं आहे, माझा वार बुधवार. दुसरं नाव तिसऱ्या रांगेतल्या माणसाने सकाळीच लिहिलं, मला न सांगता. तिसऱ्या ओळीपासून पुढे जागा मोकळी आहे.